चालवून न घेण्याची शपथ

कॅनडात अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करणारे विद्यार्थी पदवीदानाच्या सुमारास आणखी एका समारंभाला जातात. हा समारंभ विद्यापीठाचा नसतो आणि सरकारचाही नसतो. त्यातून व्यवसायाचा परवाना मिळत नाही. दार लावून, जुन्या अभियंत्यांच्या उपस्थितीत तो होतो. ऐरणीवर हातोड्याचे ठोके पडतात, थंड लोखंडाला हात लावून नवे अभियंते एक प्रतिज्ञा म्हणतात, आणि त्यानंतर ज्या हाताने ते लिहितात त्या हाताच्या करंगळीत एक साधी, खडबडीत अंगठी घातली जाते. आराखडा काढताना ती अंगठी कागदावर घासावी, म्हणून ती कामाच्या हातात आणि कडेच्या बोटात घालायची, असे सांगितले जाते.

या विधीची संहिता रडयार्ड किपलिंगने लिहिली. साहित्याच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा असे त्यात बरेच आहे. एखाद्या व्यवसायाने स्वतःच्या नीतीसाठी कवीकडे शब्द मागावेत, आणि कवीनेही ते द्यावेत, असे क्वचित घडते. शिवाय तो कवी किपलिंग. ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, आजच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मलेला. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवीत. तोच पुढे साम्राज्याचा भाट ठरला आणि जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी उभारलेल्या निधीला त्याने वर्गणीही दिली. आपल्या वर्गांत किपलिंग शिकवताना हे सांगावे लागते, आणि सांगितलेच पाहिजे. पण त्याने लिहिलेल्या या छोट्या संहितेविषयी आपल्याकडे फारसे बोलले गेलेले नाही. मला तिच्याविषयी लिहावेसे वाटते, त्याचे कारण काहीसे खाजगी आहे. ते ओघात येईल.

विधीची पार्श्वभूमी म्हणून एका पुलाची गोष्ट नेहमी सांगितली जाते. क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर जगातला सर्वांत लांब गाळ्याचा कॅन्टिलीव्हर पूल बांधायचे ठरले होते. थिओडोर कूपर हा अमेरिकेतला नामवंत पूल-अभियंता सल्लागार होता. त्याने मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला. गाळा वाढला की पुलाचे स्वतःचे वजन वाढते, आणि त्या वजनाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो वेळेवर मांडला गेला नाही. लोखंडकाम बरेच पुढे गेल्यावर वजन गृहीत धरल्यापेक्षा जास्त भरते आहे हे लक्षात आले, तेव्हा वाढलेला ताण सोसण्याजोगा आहे असा निर्वाळा कूपरने दिला. तो वयोवृद्ध होता, प्रकृतीने खचला होता आणि न्यूयॉर्कमध्ये राहत होता. पुलाचा पोलादी सांगाडा उभा राहू लागल्यावर तो एकदाही तिथे गेला नाही.

१९०७च्या उन्हाळ्यात खालच्या बाजूच्या, दाब सोसणाऱ्या तुळयांचे पत्रे वाकू लागले. जागेवर असलेला कूपरचा तरुण प्रतिनिधी नॉर्मन मॅक्लूर मोजमापे कळवीत राहिला. कारखान्याच्या लोकांचे म्हणणे असे, की हा बाक मुळातच होता. अखेर मॅक्लूर स्वतः न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला दुपारी त्याचे ऐकून घेतल्यावर कूपरने पुलावर आणखी वजन चढवू नये अशी तार केली. पण ती क्वेबेकला न करता पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीच्या कचेरीत केली. तिथल्या मंडळींनी दुसऱ्या दिवशी सकाळी विचार करायचे ठरवले. त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, सुट्टीची वेळ होत आली असताना, पूल कोसळला. त्यावेळी पुलावर असलेल्या ८६ जणांपैकी ७५ जण मेले. मृतांमध्ये तीसहून अधिक जण काहनावाके वस्तीतले मोहॉक लोक होते. उंचावरच्या लोखंडकामात त्या समाजाचा हात धरणारे कोणी नव्हते. पुढे नव्याने बांधताना, ११ सप्टेंबर १९१६ रोजी, मधला गाळा वर चढवताना निसटला आणि आणखी १३ जण गेले. १९१७ साली पूल पुरा झाला. कॅन्टिलीव्हर पुलांमध्ये तो आजही जगातला सर्वांत लांब गाळ्याचा पूल आहे.

या घटनाक्रमात खलनायक कोणी सापडत नाही. लाच नाही, भेसळ नाही, कुणी मुद्दाम खोटे बोललेले नाही. हिशेब थोडा जुना होता, तो चालवून घेतला. ताण थोडा जास्त होता, तोही चालवून घेतला. तुळई थोडी वाकलेली होती, तीही. दर वेळी निर्णय घेणाऱ्याजवळ एक समंजस कारण होते.

'चालवून घेणे' हा मराठीतला प्रयोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. 'खपवून घेणे' यात निदान नाराजी असते. 'दुर्लक्ष करणे' यात नजर दुसरीकडे असते. चालवून घेणारा माणूस पाहतो, त्याला समजते, आणि तरी तो पुढे जाऊ देतो. शिवाय त्यात एक प्रकारचा मोठेपणाही मिळतो: माणूस समजूतदार आहे, अडवणूक करीत नाही, असे लोक म्हणतात. किपलिंगच्या प्रतिज्ञेचा मध्य नेमका इथे आहे. वाईट काम मी करणार नाही, एवढेच त्यात असते तर ती कुठल्याही शालेय प्रार्थनेसारखी झाली असती. ती म्हणते की निकृष्ट काम वा सदोष सामग्री मी पुढे जाऊ देणार नाही, आणि ती पुढे जात असताना त्यात सामीलही होणार नाही. करण्यापेक्षा जाऊ देण्याकडे बोट दाखवणारी ही भाषा आहे. अभियंता स्वतःच्या हाताने वीट रचत नाही, रिव्हेट ठोकत नाही; तो सही करतो. त्याचे पाप घडायचे तर ते सहीतूनच घडणार, हे किपलिंगने ओळखले होते.

प्रतिज्ञेचा दुसरा भाग त्याहून विलक्षण आहे. आपल्या हातून चुका होणार हे त्यात आधीच मान्य केले आहे, आणि त्या खात्रीने होणाऱ्या चुकांसाठी बरोबरीच्यांकडे आणि वडीलधाऱ्यांकडे आगाऊ क्षमा मागितली आहे. मोहाच्या, दुबळेपणाच्या आणि थकव्याच्या क्षणी या दिवसाची आठवण मला आवरो, अशी विनंती आहे. शपथ घेणारा माणूस सहसा स्वतःविषयी छाती काढून बोलतो. इथे तो स्वतःवरचा अविश्वास नोंदवतो. थकव्याचा उल्लेख तर मला अन्य कुठल्याही व्यावसायिक शपथेत आढळलेला नाही. मोहाला बळी पडणारे थोडे असतात. बाकीचे बहुतेक सारे संध्याकाळच्या पाच वाजता, घरी जायची वेळ झालेली असताना, 'उद्या सकाळी पाहू' म्हणतात.

किपलिंगला हे कुठून कळले? माझ्या मते ते त्याच्या हिंदुस्थानातल्या वर्षांतून आले. 'द ब्रिज-बिल्डर्स' ही त्याची १८९३ सालची कथा पुष्कळांनी वाचली असेल. गंगेवर पूल बांधणारा फिंडलेसन हा इंग्रज अभियंता, आणि त्याचा उजवा हात असलेला पेरू हा दर्यावर्दी खारवा. पूल पुरा व्हायच्या आत अवेळी पूर येतो. त्या रात्री करण्यासारखे काही उरत नाही, तेव्हा फिंडलेसन अंधारात बसून मनातल्या मनात आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासतो. आपल्या बाजूचे गणित बरोबर आहे याची त्याला खात्री आहे. नदीचे गणित काय असेल ते मात्र कुणाला ठाऊक? पुढे पेरूने दिलेल्या अफूच्या गुंगीत तो एका बेटावर देवांची सभा पाहतो. मगरीच्या रूपातली गंगा आपल्याला बांधून घातल्याची तक्रार करते, आणि देव त्यावर वाद घालतात. साम्राज्यवादी चौकट या कथेला आहेच. पण पुराच्या रात्री जागणाऱ्या अभियंत्याची भीती त्या चौकटीत मावत नाही. आपण केलेल्या वस्तूवर लोकांचे प्राण टांगलेले आहेत आणि आता ती वस्तू आपल्या हातात नाही, ही ती भीती आहे.

१९०७ साली किपलिंगने 'द सन्स ऑफ मार्था' ही कविता प्रसिद्ध केली. ल्यूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे: मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, मार्था घरकामात बुडालेली असते, आणि प्रभू मरियेची निवड चांगली ठरवतो. किपलिंग बाजू घेतो ती मार्थेच्या वंशजांची, म्हणजे जगाचे गाडे न बोलता चालते ठेवणाऱ्यांची. योगायोग असा, की त्याच वर्षी क्वेबेकचा पूल पडला, त्याच वर्षी शरदात किपलिंग कॅनडात फिरून आला आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९२२मध्ये माँट्रियलच्या एका सभेत टोरांटो विद्यापीठातले खाणकामाचे प्राध्यापक हर्बर्ट हॉलटेन यांनी अभियंत्यांना एकत्र बांधणाऱ्या एखाद्या व्रताची कल्पना मांडली, आणि ही कविता अभियंत्यांना प्रिय म्हणून त्यांनी किपलिंगलाच पत्र लिहिले. एप्रिल १९२५मध्ये माँट्रियलला पहिला विधी झाला. व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाला सात रक्षकांचे मंडळ असे नाव मिळाले.

इथे एक दंतकथा दूर केली पाहिजे. पहिल्या अंगठ्या कोसळलेल्या क्वेबेक पुलाच्या लोखंडातून घडवल्या होत्या, असे कॅनडात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते खरे नाही. पूल पोलादाचा होता, अंगठ्या घडीव लोखंडाच्या होत्या, आणि त्या टोरांटोच्या इस्पितळात उपचार घेणाऱ्या माजी सैनिकांनी घडवल्या होत्या. आज त्या बहुतेक ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या असतात. पण साहित्याच्या अभ्यासकाला दंतकथा खोटी ठरवून समाधान होत नाही. ती का टिकली हे पाहावे लागते. एका व्यवसायाने स्वतःविषयी सांगण्यासाठी विजयाची कथा निवडली नाही, पराभवाची निवडली. आपल्या बोटात आपल्याच चुकीचा तुकडा आहे असे मानणे त्या लोकांना आवश्यक वाटले. वस्तुस्थिती नसली तरी ही त्यांची इच्छा आहे, आणि ती मला आदरणीय वाटते.

लोखंडाची अंगठी आपल्यालाही अनोळखी नाही. घोड्याच्या नालेची अंगठी करून मधल्या बोटात घालतात, ती शनीची पीडा टळावी म्हणून. आपली अंगठी जगापासून आपले रक्षण करते. कॅनडातली अंगठी आपल्यापासून जगाचे रक्षण व्हावे म्हणून घालतात.

आता ते खाजगी कारण. माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांनी कधी कुठली शपथ घेतल्याचे मला माहीत नाही. खंडेनवमीला ते लेव्हलची पेटी, टेप आणि लोखंडी पहार पुसून पाटावर मांडीत, हळदकुंकू वाहत, झेंडूची फुले ठेवीत. आईच्या पुढाकाराने त्या पाटावर विळीही यायची. पण त्यांची खरी पोथी वेगळी होती. तिला ते 'एमबी' म्हणत: मेजरमेंट बुक, मोजमापाची वही. तिची पाने छापील क्रमांकाची; फाडायची नाहीत, खाडाखोड करायची नाही, चुकले तर रेघ मारून शेजारी सही करायची. झालेल्या कामाची मापे मी स्वतः घेतली, असे लिहून खाली सही करायची. त्या सहीवर कंत्राटदाराचे बिल निघते. ही वही ते घरातही कुणाला हाताळू देत नसत.

एकदा एका मोरीच्या कामावरून वाद झाला. काँक्रीटमध्ये सिमेंट कमी पडले होते. पहारीने टोचले की खडी सुटत होती. कंत्राटदार संध्याकाळी घरी आला. वडिलांना तो 'रावसाहेब' म्हणे. "रावसाहेब, एवढ्या वेळी चालवून घ्या, पुढच्या कामात भरून काढतो," असे तो अनेकदा म्हणाला. पेढ्यांचा पुडा नव्हता, पाकीट नव्हते. आवाजात अजिजीच होती. वडील म्हणाले, "पाहिलं तेवढंच लिहीन." वरिष्ठांनीही त्यांना समजावले. सहा महिन्यांत त्यांची बदली झाली, आणि मोरीच्या मापांवर दुसऱ्या कुणाची तरी सही झाली.

ही गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याची एक अपेक्षा असते: पुढे ती मोरी वाहून गेली असणार. तसे झाले नाही. ती मोरी अनेक पावसाळे उभी होती, तिच्यावरून एसटी जात होती. वडिलांना हे ठाऊक होते. त्या रस्त्याने जाताना त्यांनी एकदा मला ती दाखवलीही, आणि एवढेच म्हणाले, "फॅक्टर ऑफ सेफ्टीवर उभी आहे." तो शब्द तेव्हा मला कळला नाही. अभियंता जेवढे बळ लागेल असा हिशेब निघतो, त्याच्या कितीतरी पट बळ वस्तूत ठेवतो. हा अधिकचा भाग अज्ञातासाठी, न सुचलेल्या संकटासाठी राखून ठेवलेला असतो. चालवून घेणारा माणूस या राखीव ठेवीतून उचल करतो. म्हणून बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि काहीच होत नाही म्हणून तो शहाणा ठरतो. ठेव संपली की क्वेबेक होते. तोवर सही नाकारणाऱ्याच्या बाजूने कुठलाही पुरावा उभा राहत नाही. नीतीचा हा भाग मला सर्वांत कठीण वाटतो: योग्य वागणाऱ्याला जग कधीच बरोबर ठरवत नाही, कारण जे घडले नाही ते दाखवता येत नाही.

आपल्याकडे शपथविधीची परंपरा नव्हती असे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकाच्या शिष्याला अग्नीच्या साक्षीने द्यायचा उपदेश आहे. रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत इथवर त्यात बारकावे आहेत. ज्यांच्या हातून पूल, धरणे, रस्ते होतात त्यांच्यासाठी आपण असे काही घडवले नाही. १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी, आपण अभियंता दिन साजरा करतो. विश्वेश्वरय्या पुण्यातच अभियांत्रिकी शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, खडकवासल्याला त्यांच्या कल्पनेचे स्वयंचलित दरवाजे बसले. त्यांचा गौरव यथायोग्यच आहे. पण तो दिवस हारतुऱ्यांचा, यशाचा असतो. १२ जुलै १९६१ रोजी, बांधकाम पुरते संपलेले नसताना पाणी अडवलेले पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुणे शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. या दिवसाला आपण काय म्हणतो? 'पानशेतचा पूर'. पूर निसर्गाचा असतो. त्याला कर्ता लागत नाही. भाषेने इथे एक फार मोठी गोष्ट चालवून घेतली आहे. क्वेबेकच्या लोकांनी आपल्या अपघाताची दंतकथा करून ती बोटात घातली. आपण आपल्या अपघाताचा पूर करून तो वाहून जाऊ दिला.

याचा अर्थ अंगठी घातली की माणूस सचोटीचा होतो, असा नाही. कॅनडातही पूल पडले आहेत आणि ते बांधणाऱ्यांत अंगठीवाले असणारच. किपलिंगच्या संहितेवर तिथल्याच अभियंत्यांनी आक्षेप घेतले आहेत: तिची भाषा पुरुषी आहे, ख्रिस्ती वळणाची आहे, वसाहतवादी कवीची आहे, आणि मोहॉक कामगारांच्या वारसांनी ती का म्हणावी? हे प्रश्न रास्त आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत विधीचा मजकूर फेरविचारासाठी घेतला गेला तेही योग्यच झाले. विधी टिकतो तो त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा तपासला गेला तरच. नाहीतर तोही एक चालवून घेतलेली गोष्ट होतो. अमेरिकेत १९७०पासून अशीच अंगठी देणारी एक संस्था आहे, ती किपलिंगवाचून चालली आहे.

वडिलांसारखी माणसे शपथेवाचून नीट वागली, मग शपथ कशाला, असेही विचारता येईल. मला वाटते, शपथ एकट्या माणसासाठी नसतेच. माझे वडील एकटे पडले होते. त्यांच्या नकाराला खात्यात नाव नव्हते. लोक त्याला हट्ट म्हणत. ज्या व्यवसायाने सर्वांदेखत 'जाऊ देणार नाही' असे एकदा म्हटलेले असते, तिथे नाकारणाऱ्याला निदान शब्द उसना मिळतो. आणि बाकीच्यांना तो शब्द आपणही उच्चारला होता हे आठवते. विधीचे काम बहुधा एवढेच, पण ते लहान नाही.

विधीच्या इंग्रजी नावात 'कॉलिंग' असा शब्द आहे. त्याला मराठीत काय म्हणावे? धंदा म्हटले की पैसा येतो, पेशा म्हटले की उपजीविका, व्रत म्हटले की उपास. 'व्यवसाय' हा शब्द आपण आता दुकानदारीपर्यंत आणून ठेवला आहे. पण संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चय, आणि गीतेतही तो मूळ याच अर्थाने येतो. आपल्या भाषेत हे आधीपासूनच होते.

हे सारे साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे मांडण्याचे एक कारण शेवटी सांगतो. आपणही सह्या करतो. उत्तरपत्रिकांवर, प्रबंधांवर, अभ्यासमंडळांच्या इतिवृत्तांवर, पुस्तकांच्या शिफारशींवर. आपल्या हातून गेलेला सदोष प्रबंध कुणाच्या अंगावर कोसळत नाही, पंचाहत्तर माणसे मरत नाहीत, चौकशी आयोग बसत नाही. आपला फॅक्टर ऑफ सेफ्टी फार मोठा आहे, जवळजवळ अमर्याद वाटावा इतका. तो प्रबंध पुढे कुणाचा तरी आधार होतो, त्याच्यावर दुसरा उभा राहतो, मग एक अभ्यासक्रम, मग एक पिढी. तुळई किती वाकली आहे याची मापे रोज घेऊन कळवणारा मॅक्लूर आपल्या विभागात कोण, हे ठरवायला ऐरण किंवा अंगठी लागत नाही.